डोसरावांचा राजमा

"राजमा खाऊन कुणाचं वाकडं झालेलं मला दाखवा, मी मिशी उतरवतो!" असं डोसराव छातीठोकपणे सांगायचे. मिशी त्यांना नव्हतीच, पण मुद्दा तो नाही.

खरं नाव वेगळं होतं हो त्यांचं. पण दिसेल त्याला आरोग्याचे डोस पाजायची भारी हौस, म्हणून ऑफिसात हेच नाव पडलं. बावीस वर्षं ते नकाशांच्या खोलीत होते. शहरभरच्या गटारांचे, नळांचे, रस्त्यांचे नकाशे तिथे गुंडाळ्या करून छतापर्यंत रचलेले. आपल्यावाचून या ऑफिसचं पानही हलत नाही, ही डोसरावांची पक्की समजूत. नोकरीवर जीव होता त्यांचा!

झालं काय, की साहेबांची साखर वाढली. साहेब सहज म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, राजमा खा. कसा करतात हो तो?"

बस्स! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी डोसरावांची गत झाली. "साहेब, अहो प्रथिनं आहेत, लोह आहे, तंतू तर विचारूच नका! साखर एकदम उसळत नाही, पोट भरलेलं राहतं. रस्सा करा, सूप करा, शिजवून कांदा-टोमॅटो-लिंबू पिळून गार खा, नाहीतर कुस्करून पावाला फासा! तुम्ही काही करू नका, मीच आणतो!"

संध्याकाळी घरी राजमा निवडता निवडता त्यांनी साहेबांना मेसेज लिहायला घेतला. चष्मा बाहेरच्या खोलीत. 'राज' एवढं लिहिलं, तर फोनने पुढचा शब्द आपणहून सुचवला. डोसरावांनी डोळे बारीक करून बघितलं, र आहे, ज आहे, शेवटी मा आहे, आणखी काय पाहिजे? दिलं बोट दाबून! साहेबांना पोचलेला मेसेज असा होता : 'साहेब, उद्या सकाळी माझा राजीनामा तुमच्या टेबलावर असेल. बरेच दिवस मनात होतं. नाही म्हणू नका. तुमच्या तब्येतीसाठी हेच चांगलं.'

आता बोला!

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन डोसराव ऑफिसात शिरले, तर शिपाईमामांनी धावत येऊन पिशवीच घेतली. "आज मी उचलतो. आजचाच तर दिवस!" मामांचे डोळे पाणावलेले. डोसरावांना वाटलं, कांदा चिरून आला असेल.

जिन्यातच आस्थापनेच्या बाई भेटल्या. सगळ्यांच्या नेमणुका, बढत्या, रजा यांचे कागद याच बाईंच्या हातात.

"अहो, खरंच ठरलं तुमचं?"

"ठरलं काय, झालंसुद्धा!"

"आणि आम्हाला पत्ता नाही. किती दिवस हे घोंगडं भिजत ठेवलं होतंत?"

"दिवस कसले? फक्त रात्रभर भिजवायचं. जास्त ठेवलं तर आंबतं."

बाई गोंधळल्या. "पण इथे तुम्हाला त्रास कसला होता?"

"त्रास कच्चा राहिला तर! म्हणून भिजवलेलं पाणी ओतून टाकायचं, नव्या पाण्यात चांगली दहा मिनिटं खळखळून उकळायचं, मग मऊ शिजवायचं. उगाच अर्धवट राहिलं तर पोट धरून बसायची पाळी येते!"

"बाई गं! एवढं उकळत होतं आत? आणि घरचे काय म्हणतात?"

"घरी? घरी तर शिट्ट्यांवर शिट्ट्या!"

"इतका आनंद झाला त्यांना?" बाईंनी कीव करून त्यांचा हात दाबला. हिला आज झालंय तरी काय, हे डोसरावांना कळेना.

केबिनमध्ये साहेब उभे राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा! डोसरावांनी डबा टेबलावर ठेवला.

"मंजूर केला मी," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"मंजूर? अहो, आधी उघडून तर बघा!"

"उघडायचं काय त्यात? तुमची इच्छा, मी कोण अडवणारा?" असं म्हणत साहेबांनी एक कागद पुढे केला. डोसरावांनी चष्मा लावला. 'आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही, ठसठशीत!

डोसरावांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "साहेब, राजमा नको होता तर तसं सांगायचंत! त्यासाठी नोकरीवरून काढता?"

"कसला राजमा?"

"हा! डब्यातला!"

"मग राजीनामा कुठाय?"

"कसला राजीनामा?"

साहेबांनी फोन पुढे धरला. डोसरावांनी वाचलं आणि मटकन खुर्चीत बसले. "अहो, मेलो! तो राजमा आहे साहेब, राजमा! माझी नोकरी... घरी काय तोंड दाखवू मी?" बोलता बोलता त्यांना रडूच आलं.

साहेब आधी चक्रावले, मग असे हसले की बाहेर टायपिंग थांबलं. त्यांनी कागद टराटरा फाडला. "जा, बसा तुमच्या जागेवर! डबा मात्र ठेवून जा."

डोसरावांचा जीव भांड्यात पडला. पण मनातून काही जाईना. तासाभराने डबा न्यायच्या निमित्ताने ते परत आले. साहेब पावाच्या तुकड्याने डब्याचा तळ पुसत होते.

"साहेब, रागावू नका, पण मेसेज वाचल्यावर तुम्ही एकदासुद्धा 'जाऊ नका' म्हणाला नाहीत?"

"म्हणणार होतो हो. पण बाई म्हणाल्या, त्यांचं मन बदलायच्या आत सही करून टाका."

"आणि नकाशे? ते कोण शोधणार होतं?"

"मामा. ते म्हणाले, आत्तापर्यंत मीच तर शोधून देतोय!"

"म्हणजे मी गेलो असतो तर तुम्हाला काहीच वाटलं नसतं?"

साहेबांनी रिकामा डबा त्यांच्या हातात दिला, बोटं चाटली आणि मनापासून म्हणाले, "असं कसं म्हणता? हा राजमा आधी खाल्ला असता, तर सही करायला निदान दोन दिवस तरी लावले असते!"