कागदावरचा तलाव

आबासाहेब शिर्के कोणाच्याही घरी गेले की उंबरठा ओलांडताच खिशातून काचेची गोटी काढून फरशीवर सोडत. ती जिकडे घरंगळेल तिकडे आधी बघत, यजमानांकडे नंतर. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ते प्रथम आले तेव्हा गोटी थेट देव्हाऱ्याखाली गेली.

"मास्तर, मोरी चुकीच्या कोपऱ्यात आहे हो तुमची," ते म्हणाले. 'केम छो' त्यानंतर.

त्यांचे बरोबर होते. फरशी धुतल्यावर पाणी आम्ही वर्षानुवर्षे खराट्याने मोरीकडे ढकलत आलो होतो.

आबासाहेबांचे पूर्वज इथल्या मराठी संस्थानच्या फौजेतून गुजरातेत आलेले. ते स्वतः सिंचन खात्यात नकाशे काढत निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी दुसऱ्यांनी आखलेले तलाव रेखाटले. निवृत्तीनंतर स्वतःचा आखायला घेतला. शहराच्या पूर्वेला तीन गावांच्या मधोमध एक ओढा आहे. पावसाळ्यात तो अंगणांत शिरतो आणि होळीपर्यंत कोरडा पडतो. योग्य जागी बांध घातला तर तिन्ही गावांना वैशाखातही पाणी पुरेल, असे आबासाहेबांचे म्हणणे. सायकलवरून हिंडून, विहिरींत दोरी सोडून, पातळ्या मोजून त्यांनी ते सिद्धही केले होते. गल्लीत घरोघरी केबल टीव्ही येत होता तेव्हा ते ट्रेसिंग पेपर आणत होते.

"काका, कुठवर आला तुमचा तलाव?" कोणी चिडवी.

"तलाव तयार आहे. फक्त सरकारला दिसायचा बाकी आहे."

सरकारला दिसण्यासाठी अर्ज गुजरातीत हवा. आबासाहेब घरात मराठी बोलत, बाजारात गुजराती, आणि लिहिताना दोन्ही. त्यांनी लिहिले, 'तळावना पाणीनो सत्वरे निकाल करवा विनंती.' आपल्याकडे निकाल म्हणजे निर्णय. गुजरातीत मात्र पाण्याचा निकाल म्हणजे पाणी काढून टाकणे. महिन्याच्या आत निचरा शाखेचे दोन कर्मचारी कोरड्या ओढ्याकाठी येऊन उभे राहिले.

"कयुं पाणी काढवानुं छे, काका?"

"खात्याची एवढी तत्परता मी आयुष्यात पाहिली नव्हती," आबासाहेब पुढे अभिमानाने सांगत.

मी शाळेत गुजराती शिकवतो. त्यामुळे पुढचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले. भाषेच्या चुका मी पुष्कळ काढल्या. आकड्यांत एकही सापडली नाही, आणि अर्ज किती झाले हे मोजणे मी लवकरच सोडून दिले.

अखेर एके दिवशी कचेरीचे बोलावणे आले. मीही त्यांच्याबरोबर गेलो. नवे साहेब तरुण होते. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, सावकाश वाचला आणि दोनदा "सरस" म्हणाले. मग त्यांची पेन्सिल पाण्याच्या काठाशी थांबली.

"काका, आटलां बधां पगथियां?"

बांधाच्या आतल्या बाजूस आबासाहेबांनी पायऱ्या काढल्या होत्या. प्रत्येक पायरी फक्त चार इंच उंच. नेहमीच्या उंचीच्या घेतल्या तर निम्म्यांत काम भागत होते.

"अडधां काढी नाखो," साहेब म्हणाले. "आजे ज सही करी दऊं."

"नहीं बने, साहेब."

मी मराठीत कुजबुजलो, "आबासाहेब, पायऱ्यांपायी तलाव घालवता का?"

"थांबा हो मास्तर." ते साहेबांकडे वळले आणि त्यांच्या त्या मिश्र गुजरातीत समजावू लागले. मधले गाव हे त्यांच्या पत्नीचे माहेर. तिचे गुडघे धरलेले. तलाव झाला की कोणाचा हात न धरता पाण्यापर्यंत उतरायचे, असे तिने ठरवले होते. तेव्हा ओट्यावर विटा रचून तिचा पाय किती उचलतो ते त्यांनी मोजले होते. चार इंच. त्याहून एक सूतही वर नाही.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हवे बाने केम छे?" आता काकूंचे कसे आहे, असे त्यांनी विचारले.

आबासाहेबांनी नकाशाची गुंडाळू पाहणारी कड तळहाताने सपाट केली.

"ए तो गयां." मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "पण नकाशा तेव्हाचा आहे."

साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी अर्थ विचारला नाही. पेनाचे टोपण काढले आणि सही केली.