सकवारबाईंचा कॉफीचा नेम

जनकोजीरावांनी कॉफीचा रिकामा टंबलर खाली ठेवला, मिशा पुसल्या, खुंटीवरचं अंगवस्त्र खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "जरा पेपर बघून येतो."

रोज सकाळी सहाला हे वाक्य ऐकलं की सकवारबाई फोडणीतल्या मोहरीसारख्या मनातल्या मनात तडतडायच्या. पेपर शेजारच्या नारायणस्वामींच्या ओट्यावर यायचा, हे खरं होतं. पण पेपर वाचायला जीभ लागत नाही, आणि जनकोजीराव परत यायचे ते ओठ चाटत यायचे.

मद्रासच्या मैलापुरातल्या त्या घराचे दोन भाग करून घरमालकाने दोन बिऱ्हाडं ठेवली होती. एकात तंजावराहून आलेले जनकोजीराव आणि सकवारबाई, दुसऱ्यात नारायणस्वामी आणि त्यांच्या पत्नी विशालाक्षी, तिथल्या रीतीने सगळ्यांच्या मामी. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेलीच नव्हती. वरच्या फटीतून पहाटे आधी मामींच्या कॉफी दळायच्या यंत्राची घरघर यायची आणि मग वास. तो वास असा की देवापुढे बसलेल्या माणसाचा जप चुकावा. सकवारबाईंचा तर रोजच चुकायचा, आणि त्या पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायच्या.

मामी अस्सल बिया आणायच्या, रोज ताज्या दळायच्या, आणि कॉफीत मिसळायच्या स्वस्त चिकोरीला उंबरठा ओलांडू द्यायच्या नाहीत. सकवारबाईंच्या घरी चिकोरी सुनेसारखी नांदत होती. शिवाय एकाच भुकटीवर पाणी तीनदा. पहिलं डिकॉक्शन, म्हणजे गाळलेला कॉफीचा अर्क, नवऱ्याला, दुसरं स्वतःला, तिसरं संध्याकाळी ऑफिसातून दमून आलेल्या नवऱ्याला. हार्बरच्या कारकुनाच्या पगारात याहून सढळ हात परवडत नव्हता.

एके दिवशी त्यांच्याने राहवलं नाही.

"अहो, असं काय आहे त्या पेपरात? राज्य बुडालं की काय?"

"पेपरात काही नसतं गं," जनकोजीराव भोळेपणाने बोलून गेले. "मामी एक टंबलर पुढे करतात. नको कसं म्हणायचं? आणि कॉफी म्हणशील तर..." त्यांनी डोळे मिटले. बायकोला दिसेल अशा जागी नवऱ्याने ते कधी मिटू नयेत.

"आणि माझी?"

"तुझी... तुझी गरम असते."

सकवारबाई हळू बोलणाऱ्या. रागावल्या की आणखी हळू बोलायच्या. त्या दिवशी तर बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी, चातुर्मासाची सुरुवात. चातुर्मासात काहीतरी आवडीचं सोडायचं असतं. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. सकवारबाईंनी देवीपुढे हात जोडले आणि मनातल्या मनात सांगितलं, 'आई, हे आपल्या घरात, आपल्या पाटावर बसून, आपण होऊन दुसरा टंबलर मागतील तेव्हाच मी कॉफीला तोंड लावीन. तोवर थेंब नाही.'

देवीने ऐकलं असावं, कारण दुपारी बारापासून सकवारबाईंचं डोकं ठणकायला लागलं. सोमवार, शुक्रवार, संकष्टी, एकादशी, त्या सगळे उपास करायच्या, पण उपासाला कॉफी चालते. हे कुठल्या पोथीत लिहिलंय असं मद्रासेत कधी कुणी विचारलेलं नाही. कॉफीशिवाय उपास म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि नेम बोलून दाखवला की फळ जातं, म्हणून सांगायचीही सोय नाही.

"डोकं का धरलंयस?" जनकोजीरावांनी विचारलं.

"असंच. देवाचं आहे."

सकवारबाईंनी आधी चिकोरीला माहेरी पाठवलं. नवे पैसे सुरू झाले तरी बाजारात अजून सगळे आण्यांतच बोलत होते. त्या घासाघिशीत त्यांनी कच्च्या हिरव्या बिया स्वस्तात मिळवल्या. घरीच भाजल्या. जितक्या काळ्या तितकी कॉफी कडक, असा त्यांचा साधा हिशेब. लोखंडी तव्यावर बिया कोळशाशी नातं सांगू लागेपर्यंत त्या उतरवायच्या नाहीत. रस्त्यावरून जाणारा एकजण थांबून विचारून गेला, "अम्मा, आत काही पेटलंय का?"

चव बघणार कोण? नेम आडवा. सकवारबाई रंगावर आणि वासावर चालल्या होत्या, आणि डोकेदुखीने नाकही धड राहिलं नव्हतं.

जनकोजीरावांनी पहिला घोट घेतला. थोडा वेळ ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"कशी आहे?"

"गरम आहे," ते म्हणाले आणि अंगवस्त्र खांद्यावर टाकून पेपर बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सकवारबाई रांगोळी काढायचं निमित्त करून दारात बसल्या आणि शेजारी काय चालतं ते बघू लागल्या. गवळी सुब्बा गाय घेऊन आला. मद्रासची रीतच तशी. दूध घरी येत नाही, गाय घरी येते आणि घरवालीच्या डोळ्यांदेखत दूध निघतं. सुब्बाने गाय आधी मामींच्या दाराशी उभी केली. मामींची चरवी फेसाने भरली. मग गाय इकडे आली.

सकवारबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिलं दूध मामींचं! ताजं, पहिल्या धारेचं दूध तिकडे आणि उरलंसुरलं आपल्याला. मग कॉफीला चव कुठून येणार?

"सुब्बा, उद्यापासून गाय आधी माझ्याकडे आण."

"कसं जमेल अम्मा? ती वर्षानुवर्षं आधी तिकडेच थांबते. गाय माझं ऐकत नाही, मी गायीचं ऐकतो."

तेव्हा गायीलाच वळवायला हवं. इथे सकवारबाईंचा धर्म मदतीला आला. चातुर्मासात गोपद्म व्रत असतं. दारात गायीच्या पावलांच्या तेहतीस रांगोळ्या काढायच्या, गायीची पूजा करायची. कुणाला संशय येणार नाही, देवही प्रसन्न. दुसऱ्या पहाटे त्यांनी पावलं काढली, गायीला हळदकुंकू लावलं आणि गूळ घातलेला भात पुढे केला. गायीने भात खाल्ला, सकवारबाईंकडे नीट बघून घेतलं, आणि तिसऱ्या दिवसापासून ती मामींच्या दाराकडे ढुंकूनही न बघता सरळ इकडे येऊ लागली.

पहिलं दूध मिळालं. जनकोजीरावांनी घोट घेतला, भिंतीकडे बघितलं, उठले.

"अहो, दुसरा टंबलर..." सकवारबाईंनी पुढचे शब्द गिळले. आपण होऊन मागायला हवा होता.

"पेपर बघून येतो," ते म्हणाले.

परत आले ते अगदी फुलून. "ऐकलंस का? आजकाल मामींची कॉफी काय झालीय म्हणून सांगू! दाट, साईसारखी! आधी चांगली होती, आता विचारू नकोस!"

सकवारबाईंनी विचारलं नाही. त्यांनी कपाळाला सुंठ लावली.

एव्हाना गायीच्या पूजेची गोष्ट गावभर झाली होती. मागच्या गल्लीतल्या अन्नपूर्णाबाई शाळेत शिकवायच्या. त्या पहिल्या आल्या, दोन केळी घेऊन.

"सकवारबाई, दारात गाय येते, पूजा होते, आणि आम्हाला एका शब्दाने कळवलं नाहीत? पुण्य एकट्याच खाता काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर वसंता आली, मग तिची सासू, मग सासूच्या दोन बहिणी. आठवड्यात बारा सवाष्णी गायीला प्रदक्षिणा घालू लागल्या. आणि पूजेला आलेल्या सवाष्णीला कोरडी पाठवत नाहीत. सकवारबाई रोज बारा टंबलर कॉफी करू लागल्या. बायका ती हातात घेऊन डोळ्यांना लावायच्या, कारण पूजेनंतरचा तो प्रसाद. प्रसादाला चव विचारत नाहीत आणि तो टाकतही नाहीत. थेंबन् थेंब संपवून टंबलर चकचकीत करून परत द्यायच्या.

"किती करता हो आमच्यासाठी!" अन्नपूर्णाबाई आवंढा गिळून म्हणायच्या.

नवऱ्याला घरातच स्वस्तात चांगली कॉफी पाजायची, एवढं साधं ठरवलं होतं. आता बियांचा डबा दर चार दिवसांनी तळ दाखवायला लागला, आणि बारा बायकांच्या गलक्याला भिऊन जनकोजीराव पेपर बघायला जाऊन तासभर तिकडेच बसू लागले.

शेवटी एका सकाळी सकवारबाईंनी सुब्बाला गाठलं. "खरं सांग रे. पहिलं दूध मी घेते, तरी मामींची कॉफी दाट कशी?"

सुब्बाने गायीच्या पाठीवर थाप मारली आणि दयेने हसला. "अम्मा, पहिल्या धारा पातळ असतात. साय सगळी शेवटच्या दुधात. इतकी वर्षं शेवटचं तुम्हालाच मिळत होतं."

सकवारबाई खालीच बसल्या. "आणि मामींना पातळ?"

"पातळच. आता तुमच्या कृपेने दाट मिळतंय."

व्रत मध्ये सोडता येत नव्हतं. चातुर्मास संपायला तीन महिने होते.

श्रावणातला शुक्रवार उजाडला. त्या दिवशी बायका बारा नव्हे, पंचवीस आल्या, आणि प्रत्येकीच्या हातात केळ्यांची फणी. सुब्बाने सकवारबाईंची चरवी भरून दिली आणि मग गायीला मामींकडे न्यायला दोर ओढला. गाय हलली नाही. पंचवीस फण्या, गूळभात आणि वर कुणीतरी घातलेली उडदाची खीर. तिने एक दीर्घ उसासा टाकला आणि सकवारबाईंच्या उंबऱ्यासमोर, तेहतीस पावलांवरच, बसकण मारली.

"उठ गं तायी, माझे आई!" सुब्बा विनवत राहिला.

शेजारच्या दारात मामी रिकामी चरवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा इकडे बघितलं. सकवारबाईंच्या चरवीत दूध काठोकाठ होतं. 'हे घ्या मामी' एवढे तीन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. मामी आत गेल्या. दार लागलं. मामींच्या घरी त्या सकाळी कॉफी झाली नाही.

जनकोजीराव पेपर बघून दोन मिनिटांत परत आले. स्वयंपाकघरात पाटावर बसले. समोरचा टंबलर संपवला. भिंतीकडे बघितलं. मग टंबलर पुढे केला.

"आणखी एक दे गं."

सकवारबाईंच्या हातातली पळी खाली पडली. त्यांनी टंबलर भरला, नवऱ्याने तो संपवेपर्यंत बघत राहिल्या, आणि धावत जाऊन देवीपुढे डोकं टेकलं. डोळ्यांत पाणी आलं. मग स्वतःचा टंबलर भरून घेतला, किती दिवसांनी! डोळे मिटून पहिला घोट घेतला.

तो गिळायचा की थुंकायचा हे ठरवायला त्यांना बराच वेळ लागला. तवा धुतलेल्या पाण्यात राख कालवून साखर घातल्यासारखं होतं ते. आणि हे बारा बायका रोज डोळ्यांना लावत होत्या?

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "खरं सांगा. ही तुम्ही दोनदा का घेतलीत?"

जनकोजीराव जाकीट चढवत होते. "मला सकाळी दोन लागतात ना. एक इथली, एक तिथली. आज तिथली नव्हती, म्हणून दोन्ही इथेच भागवल्या." मग बायकोचा चेहरा बघून त्यांनी घाईने भर घातली, "पण गरम होती हं! चांगली गरम!" आणि ऑफिसला गेले.

घर शांत झालं. गाय एव्हाना उठून गेली होती. चरवीत अर्धं दूध उरलं होतं, आणि सकवारबाईंना त्याच्याकडे बघवेना. मिळवलं काय, तर शेजारणीच्या घरची चूल थंड केली. एवढे उपास करून मनातली ही जळजळ गेली नाही, मग उपास पोटालाच घडले म्हणायचे. त्यांनी चरवी पदराने झाकली आणि मागच्या दाराने मामींच्या घरी गेल्या.

"मामी, दूध आणलंय. सकाळीच द्यायला हवं होतं. चुकलं माझं."

मामींनी चरवी घेतली. दूध तापवलं, झाकून ठेवलेलं डिकॉक्शन काढलं, दोन टंबलर भरले आणि एक पुढे ठेवला. "बसा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. नेम तर फिटला होता. सकवारबाईंनी घोट घेतला. घशापासून पावलांपर्यंत काहीतरी सैल होत गेलं. डोकं दुखायचं थांबलं. नवऱ्याला त्यांनी त्या क्षणी मनापासून क्षमा केली.

मामींनी मात्र आपला टंबलर तोंडाला न लावताच खाली ठेवला. 

"सकवार अम्मा, एक विचारू? रागावू नका. रोज खिडकीतून बघते मी. बारा-बारा बायका तुमच्याकडे येतात, आज तर पंचवीस, कॉफी डोळ्यांना लावतात, थेंब ठेवत नाहीत. माझ्याकडे एक तुमचे यजमान येतात, तेही पेपरसाठी. आमचे हे तर वर्षानुवर्षं पितात आणि चांगली की वाईट, अक्षर बोलत नाहीत. रात्रंदिवस जीव जळतो माझा." त्या पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगा, काय घालता तुम्ही त्यात?"

सकवारबाई जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी टंबलर उचलला, एक मोठा घोट घेतला, आणि तो तोंडातच धरून ठेवला.