सहा वाजताचा दिवाणखाना

टीव्ही केंद्राच्या स्टोअरमधली एकुलती एक बरी खुर्ची त्या रविवारी सकाळी मोडली, आणि तिथून काकांचं घर हलायला सुरुवात झाली.

काका म्हणजे केंद्राचे स्टोअरकीपर. एरवी केंद्रावरून संध्याकाळी दोनच तास कार्यक्रम दिसत. त्या रविवारी मात्र पहिल्यांदाच सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दिसणार होते. आधी व्यायाम, मग मुलांची गाणी, बागकामाचा सल्ला, बातम्या आणि शेवटी सहा वाजता नाटक. सगळं थेट. रेकॉर्ड करून ठेवायची सोयच नव्हती. कुणी शिंकलं तर ती शिंकही गावभर जायची. तीन वर्षं नोकरी होऊनही स्टुडिओत शिरताना काकांचा आवाज आपोआप खाली यायचा, दवाखान्यात शिरल्यासारखा.

व्यायामवाले मास्तर खुर्चीवर चढून दाखवायला गेले आणि खुर्चीसकट खाली आले.

"काका, आता संध्याकाळच्या नाटकाला काय करू?" दिग्दर्शक डोकं धरून म्हणाला.

"माझ्या घरी आहे की एक," काका म्हणाले. (आयुष्यात एवढ्या चटकन त्यांनी कुणाला काही दिलं नव्हतं. टीव्हीपुढे माणसाचं असं होतं.)

घर रस्त्यापलीकडेच होतं. काकू दोन दिवसांसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला माहेरी गेलेल्या. खुर्ची आली, पण तिच्याशेजारी स्टोअरचं टेबल केविलवाणं दिसायला लागलं. म्हणून टेबल आलं. टेबलामुळे पडदे, पडद्यांमुळे घड्याळ. चार वाजेपर्यंत काकांच्या बैठकीत फक्त भिंती उरल्या.

"भिंतीवर एक करड्या नजरेचा म्हातारा पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला. "नाटकातले आजोबा. वारलेले."

असा चेहरा काकांच्या घरी होता. सासरेबुवांचा. निवृत्त हेडमास्तर, धडधाकट, रोज तीन मैल चालणारे. पण त्यांच्याकडे टीव्ही नाही, असा काकांनी विचार केला आणि फोटो आणून दिला. (सासरेबुवांच्या शेजारी डॉक्टर राहतात, त्यांच्याकडे टीव्ही आहे, हे काकांना माहीत होतं. पण घाईत माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.)

सहा वाजले. दिवे लागले, आणि काका पाहतच राहिले. रोज ज्या खुर्चीत बसून ते मोजे चढवत, ती उजेडात एखाद्या राजाची असावी तशी दिसत होती. त्यांचेच पडदे त्यांना ओळखू येईनात. आपण इतकी वर्षं अशा घरात राहिलो आणि आपल्याला पत्ताच नाही, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात टेबलाचा मागचा पाय निखळला. वर सुरई, पेले, दिवा. काका रांगत टेबलामागे, लोंबत्या चादरीआड पोचले, मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी टेबल पेलून धरलं. अकरा मिनिटं. तिथूनच त्यांना सुनेचं काम करणारीचा आवाज ऐकू आला. ती फोटोकडे बोट दाखवून म्हणत होती, "तुम्ही होतात तोवर या घरात कुणी मोकळेपणी हसलं नाही!"

काकांच्या हातातलं टेबल थरथरलं.

नाटक संपल्यावर ते तडक सासुरवाडीला गेले. बोलणी खायचीच, तर पायांवर उभं राहून खावीत. दार काकूंनी उघडलं. मागे सासूबाई उभ्या होत्या, आणि खुर्चीत सासरेबुवा ताठ बसलेले.

"पाहिलंत?" काकांनी विचारलं.

"सगळ्यांनी. डॉक्टरांकडे," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "अहो, आपली बैठक. किती देखणी दिसत होती."

"मी सांगणारच होतो..."

"त्या टीव्हीवाल्यांना कसं कळलं हो?" सासूबाई मध्येच म्हणाल्या. "घरात कुणी हसत नाही ते? चाळीस वर्षांत मी बाहेर चकार शब्द काढला नाही. त्या यंत्राला घरातलं दिसतं की काय?"

सासरेबुवांनी घसा खाकरला. काकांनी चपला पुन्हा घालायची तयारी केली.

"त्या बाई माझ्याशी बोलल्या," सासरेबुवा म्हणाले. "सगळ्या गावासमोर. एवढ्या स्पष्ट माझ्याशी कुणी बोललं नव्हतं." ते थांबले, बायकोकडे पाहिलं आणि हसले. सवय नव्हती, त्यामुळे आधी त्यांचे दात दुखत असावेत असं वाटलं. पण ते हसूच होतं. सासूबाई आधी घाबरल्या, मग पदर तोंडाला लावून त्याही हसल्या.

काकांनी चपला परत बाजूला सारल्या. चाळीस वर्षांत जे झालं नाही, ते अकरा मिनिटांत झालं होतं, आणि तेही त्यांच्या हातांवर. ते खाली बसले, आणि आता सांगावंच म्हणून म्हणाले, "ते टेबल पडणार होतं. पण..."

"टेबल छान होतं," सासरेबुवा म्हणाले. "सगळंच छान होतं. फक्त टेबलामागे ते पालथं पातेलं कुणी ठेवलं होतं? दिव्याखाली नुसतं चकाकत होतं. मधूनमधून हलायचं पण."

काकांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. तिथले केस जाऊन दहा वर्षं झाली होती.

"ते आपलं नव्हतं, बाबा," काकू ठामपणे म्हणाल्या. "आमच्या घरात इतकं घासलेलं काही नाही."