पहिलीचा वर्ग सर झाला त्याची हकीकत

श्रीहरीचे चरणी मस्तक ठेवून, टाळकऱ्या-मृदंग्यांस नमस्कार करून, आणि ज्या हरिदासांचे मुखे आम्हांस जन्मभर चार बरे शब्द ऐकावयास मिळाले त्यांची पायधूळ कपाळी लावून, लिहिणार लिहितो ऐसे जे. शके एकोणीसशे एक, सिद्धार्थी नाम संवत्सरे, आषाढमासी, नागपूर मुक्कामी, नाल्याकाठच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर थोर मोहीम जाहली. तीत मिरवले कोण, लढले कोण आणि ठाणे अखेर कोणी घेतले, हे मागाहून येणाऱ्या लोकांस ठाऊक असावे, सबब देवाला स्मरून लेखन केले. हार ज्याचे गळ्यात पडले त्याचीच फत्ते, ऐसा समज लोकांत फार. तो मोडावा इतकाच हेतू.

तर त्या साली साऱ्या दुनियेत बालवर्ष जाहीर जाहले. वरून हुकूम उतरत उतरत नागपुरास आला की सहा वर्षांवरील एकही मूल शाळेबाहेर राहू नये. हुकूम बहुत चांगला. आम्ही त्यास दोन्ही हात जोडतो. परंतु चांगला हुकूम कोणाचे हाती पडतो यावर सारे असते, आणि हा पडला तो राजमान्य राजेश्री, हारतुरे-जंग, फीतकापे-बहाद्दर, बालशिक्षण प्रसार समितीचे तहहयात अध्यक्ष भैय्याजी यांचे हाती.

भैय्याजींची कीर्ती काय वर्णावी. व्यासपीठ दिसले की ज्यांचे पाय आपोआप वळत, माइक दिसला की ज्यांस खाकरा येई, ऐसे ते पुरुष. त्यांनी तत्काळ प्रताप नगरात आपले बंगल्यावर मसलत भरविली. चिवड्याची रास पडली, चहाचे दौर झाले, आणि गनीम कोण याचा खल जाहला. सर्वानुमते ठरले की गनीम म्हणजे अज्ञान. मग अज्ञान राहते कोठे, ऐसा सवाल निघाला. तेव्हा खुर्चीत मागे रेलून भैय्याजींनी फर्माविले की ते नाल्याकाठच्या वस्तीत राहते, तेथील आयाबाया झोपेत आहेत, त्यांस जागे करावे. वस्तीत जाऊन कोणी पुसून यावे, ऐसे त्या खलबतात एकाचेही मनी आले नाही. चिवडा संपला आणि मसलत बरखास्त जाहली.

आता वस्तीची खबर ऐकावी. तेथे रंभाबाई म्हणून बाई राहे. तिचा नवरा कन्हानचे खाणीवर कामास, घरी येणे महिन्याकाठी. ती स्वतः प्रताप नगरात नवी घरे उठत तेथे रेजा म्हणून विटा वाही. घराणे बौद्ध. सासऱ्याने छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतलेली, आणि तेव्हापासून त्या घरात जेवणापूर्वी शिकण्याचीच गोष्ट निघे. तिची लेक प्रेमिला, वय सात. तिच्या पाठीवरचा भाऊ अजून रांगता. आई कामावर, बाप खाणीवर, तेव्हा भाऊ प्रेमिलेचे कडेवर. शाळा उघडली त्या दिवशी रंभाबाईने मुलीस वेणी घालून, पाटी देऊन, भावासकट शाळेत पाठविले. मुलीच्या जिवात आनंद मावेना.

पण शाळेचे किल्लेदार आनंदराव गुरुजी दारातच उभे. शिस्तीचे भारी कडवे. त्यांनी कडेवरचे लेकरू पाहिले, नाक मुरडले आणि हुकूम केला की शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे, लेकरू घरी ठेवून यावे. घरी ठेवावे तर घरी कोण? प्रेमिला वळली. मग रोज ती पहिलीचे खिडकीखाली बाहेर बसू लागली. आतून पाढे ऐकू येत ते ओठांत म्हणे. भाऊ रडला की शिपाई येऊन हाकलून देई. ती पलीकडे निंबाखाली जाई आणि रडे थांबले की परत खिडकीखाली येई. ऐसा वेढा तिने धरिला होता, आणि मोहिमेचे एकाही सरदारास याची गंधवार्ता नव्हती.

इकडे भैय्याजींनी कूच केले. प्रभातफेरी निघाली तिचा थाट ऐसा. पुढे बँडबाजा, मागे भैय्याजी, त्यांचे मागे आनंदराव गुरुजी, पहिलीच्या शिक्षिका शोभाताई, आणि त्यांचे मागे वर्गांतून उठवून आणलेली सारी मुले. मुले घसे फोडून ओरडत की वर्गात चला, वर्गात चला, आणि वर्गास कुलूप. कारण शिकविणारे फेरीत, शिकणारे फेरीत. हा प्रकार आठवडाभर चालला. मुले शाळेत यावीत यास्तव शाळा बंद ठेवण्याची युक्ती पूर्वी कोणा सेनापतीस सुचली असेल तर आमच्या वाचनात नाही.

फेरी रंभाबाईचे दारी आली. ती डोईवरची चुंबळ हातात घेऊन कामास निघत होती. भैय्याजींनी हात वर करून बाजा थांबविला आणि पुसले, "बाई, पोरीले शाळेत काहून नाही पाठवत?"

"पाठवली होती ना भाऊ," रंभाबाई म्हणाली. "तुमच्याच गुरुजीनं वापस धाडली. हे काय, बाजेवाल्याच्या आड उभे आहेत."

आनंदराव पुढे जाहले. "पोरगी आली ते ठीक. पण लेकरू घेऊन आली. शाळेत लेकरू चालते का?"

"मंग त्याले ठेवू कोठं? चुन्याच्या हौदापाशी बसवू?" बाई म्हणाली. मग भैय्याजींकडे वळून, अगदी सोज्वळपणे, "तुमी ठेवता का भैय्याजी? बंगल्यात जागा आहे. रडत नाही फार. मुततो तेवढा."

बाजेवाल्यांत हशा पिकला. शोभाताईंनी पदर तोंडास लाविला. भैय्याजींनी उत्तराऐवजी भाषण केले, की माताभगिनींनो, अजून किती काळ झोपणार, उठा, जाग्या व्हा.

"आमी छप्पन सालापासून जागेच आहो," रंभाबाई म्हणाली. "तुमी दार उघडा."

आणि कामास उशीर होतो म्हणून चालती जाहली. भैय्याजींनी सायंकाळी समितीस कळविले की वस्तीत जागृतीची फारच निकड आहे.

मग ठरले की केवळ बाजाने हा मुलूख हाती येत नाही, येथे कीर्तन लावावे. खरे सांगतो, भैय्याजींचे साऱ्या कारकिर्दीत सुचलेली ही एकच बरी गोष्ट, आणि तीही विद्येकरिता नव्हे. कीर्तनास बायका जमतात, बायका जमल्या की गर्दी दिसते, आणि गर्दी दिसली की रामदासपेठेतून शिक्षण खात्याचे मोठे साहेब येतात, छायाचित्र निघते, ऐसा हिशेब. कीर्तनकार नेमिले रुपरावबुवा. आम्ही त्यांची शेकडो कीर्तने ऐकिली. आवाज असा की देवळातली समई ऐकून स्थिर व्हावी. बिदागीकडे न पाहता उभे राहणारा माणूस. असल्यास भैय्याजींचे दरबारी उभे राहावे लागले.

पावसाची झड होती, मंडप घालता येईना. तेव्हा पहिलीचे वर्गातले बाक बाहेर काढून तेथेच बैठक अंथरली. टांग्यावर भोंगा बांधून वस्तीत डांगोरा पिटला की उद्या सकाळी शाळेत कीर्तन, सर्वांनी यावे, लेकराबाळांसह यावे, कोणासही मज्जाव नाही. प्रेमिलेने हे ऐकिले. तिचे घरी बुद्धवंदना, आख्यानाशी तिला कर्तव्य नव्हते. शाळेशी होते. ती आईस म्हणाली, "आई, उद्या लेकरू चालते म्हणते." आणि दुसरे दिवशी पाटी घेऊन, भाऊ कडेवर घेऊन, सर्वांआधी जाऊन पहिलीचे वर्गात फळ्यासमोर बसली. फळ्यासमोर बुवा उभे राहणार होते, तेव्हा लोकांस वाटले पोर मोठी भाविक. आम्हांसही वाटले. पाटी कशास आणली इतके मात्र समजले नाही.

बुवांनी नमन केले, पूर्वरंग मांडिला, विद्येवर निरूपण केले. पण मोठे साहेब येईनात. भैय्याजी दाराकडे पाहत आणि हाताने खूण करीत की ताणा. बुवांनी ताणला. मोठे साहेब येईनात. पुन्हा खूण. ज्यांनी कीर्तन ऐकिले त्यांस ठाऊक की पूर्वरंगास वेळेचे माप असते, पुढे तो ओढला की पिळलेल्या धोतरासारखा होतो. बुवांचे कपाळी घाम आला. पेटीवाला तेच तेच सूर धरून पेंगू लागला. अशात प्रेमिलेचे भावाने सूर लाविला, आणि तो लागला तो पेटीसही ऐकेना. भैय्याजींनी शिपायास डोळ्याने खुणाविले. शिपाई पोरीपाशी जाऊन म्हणाला, "उठ वं, बाहेर घेऊन जाय त्याले." प्रेमिलेने पाटी छातीशी धरली. खिडकीखालची जागा तिला माहीत होती. तिचे डोळे भरून आले, पण ती उठेना.

तेव्हा बुवांनी चिपळ्या थांबविल्या. "भैय्याजी," ते म्हणाले, "कीर्तनात बसल्या माणसाले कोणी उठवत नसते. ही देवाच्या घरची रीत आहे. रडते म्हणून उठवाचं असन तर आपण समदेच उठू."

मग बुवांनी खांद्यावरचे उपरणे काढिले आणि शोभाताईंपुढे धरले. सप्ताहात बायका देवळाच्या खांबाला झोळी बांधून लेकरू निजवितात आणि दोरी हाती धरून कथा ऐकतात, हे कोण बाईस ठाऊक नाही? शोभाताई स्टुलावर चढल्या, वर्गाचे आढ्यास उपरणे बांधिले, लेकरू आत घातले, आणि दोरी प्रेमिलेचे हाती दिली. बुवांनी झोक्याचे तालावर नामगजर धरिला. लेकरू दोन झोक्यांत निजले. मग बुवांनी भैय्याजींकडे न पाहता उत्तररंगास हात घातला, आणि त्या दिवसाचे आख्यान ऐसे रंगले की आम्हांस साहेब कोण आणि समिती कोणती याचे भान राहिले नाही.

मोठे साहेब आले ते आरतीस. वर्गात शिरले आणि झोळीपाशी थबकले. "हे काय आहे?" ऐसे पुसले. आनंदरावांचा रंग उडाला. पण भैय्याजी ते भैय्याजी. पुढे सरसावून म्हणाले, "हीच तर आपली योजना, साहेब. भावंडासकट शिक्षण. लहान भावंडापायी एकही मुलगी घरी राहू नये, हा माझा पहिल्यापासूनचा आग्रह." साहेब बहुत खूश जाहले. झोळीसमवेत भैय्याजींचे छायाचित्र निघाले. त्यात प्रेमिलेची फक्त दोरी आली.

दुसरे दिवशी शाळा नेहमीप्रमाणे भरली आणि प्रेमिला नेहमीप्रमाणे खिडकीखाली न बसता आत आली. भावास झोळीत घातले, दोरी पायाच्या अंगठ्यास बांधिली आणि पाटी मांडीवर घेतली. आनंदराव दारात येऊन गरजले, "उठ वं. कार्यक्रम कालच झाला."

शोभाताई खडूने फळ्यावर तारीख घालीत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "गुरुजी, काल सगळ्यांदेखत ती योजना झाली. योजना बंद करायची तर अध्यक्षांना विचारून या. ते हो म्हणाले की मी झोळी सोडते."

आनंदराव तडक प्रताप नगरास गेले. तेथे भैय्याजी हजामत करून घेत होते. बंद करण्याचे नाव काढताच साबणासकट कडाडले, "बंद? परवा माझा सत्कार आहे त्याच योजनेसाठी. येड लागलं का तुम्हाले?" ऐसा हुकूम घेऊन आनंदराव परतले आणि दारातून बाजूस सरले. जे दार उघडावे म्हणून दुनियाभर बालवर्ष चालले, ते नाल्याकाठी भैय्याजींचे सत्कारापायी उघडले. देवाची लीला म्हणावी, तर देवास असल्या मार्गाने जावे लागावे याचा आम्हांस खेद आहे.

मग वस्तीतून आणखी मुली आल्या, कोणाचे कडेवर बहीण, कोणाचे भाऊ, आणि आढ्यास लुगड्यांच्या झोळ्या लागल्या. बुवांनी उपरणे परत नेले नाही. पाढे झोक्याचे तालावर म्हटले जाऊ लागले, आणि शोभाताईंचे म्हणणे की त्यामुळे ते पक्के बसले.

सत्काराचे दिवशी भैय्याजींस शाल, श्रीफळ आणि चांदीची पाटी अर्पण व्हावयाची होती. शोभेस एक विद्यार्थिनी हवी म्हणून शिपाई ऐन शाळेचे वेळी जीप घेऊन आला. वर्गाचे दारात उभा राहून म्हणाला, "चाल वं प्रेमिला, भैय्याजीले हार घालाचा आहे. लाडू भेटन."

प्रेमिला पाटीवर अक्षर गिरवीत होती. अंगठ्याने दोरी ओढली, झोळी हलली. मान वर न करता म्हणाली, "माही शाळा सुरू आहे."

शिपाई रिकामी जीप घेऊन गेला. हार भैय्याजींनी आपले मेव्हण्याकडून घालून घेतला.

येणेप्रमाणे सदरहू मोहीम समाप्त जाहली. समितीचे दप्तरी फत्ते भैय्याजींचे नावे मांडली आहे, ती तेथे सुखाने राहो. आम्ही पाहिले ते ऐसे, की नाल्याकाठचे शाळेतील पहिलीचे ठाणे रंभाबाईची लेक प्रेमिला हिने, सोबत एक रांगता भाऊ घेऊन, काबीज केले. पोरगी बसली. उठवावयास आलेले उठून गेले. ठाणे कायम आहे. विठ्ठल साक्ष, तथागत साक्ष. लेखणी ठेविली.