सुखासन समिती आणि चिखलातले खड्डे

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी सायकलवरून फिरत. का, ते विचारू नका. गोष्टीत शंका काढणाऱ्या मुलांना मोठेपणी नोकरी मिळत नाही.

सायकली सरकारातून मिळत. सरकार म्हणजे सिंह. त्यामुळे प्रत्येक सायकलची सीट सिंहाच्या मापाची होती. लांब, अरुंद, पुढे टोक आलेली. सिंह त्या सीटवर एकदाच बसला होता, राज्यारोहणाच्या दिवशी, वडापासून पाणवठ्यापर्यंत. उतरल्यावर तो "उत्तम" म्हणाला. तेव्हापासून ती उत्तम होती.

त्याच जंगलात धुरपाक्का नावाची अस्वलीण राहायची. ती सुईण होती. जंगलातली निम्मी पिल्लं तिच्याच हातावर जन्मली होती. जवळची बाळंतपणं ती चालत जाऊन करी. लांब जायचं तर सायकल लागे, आणि वाटेतली आंबेखिंड यायच्या आत तिला सायकलवरून उतरावं लागे. मग उरलेली वाट सायकल हातात धरून, फेंगडत चालायची.

यंदा तिची लेक सोनकी पहिलटकरीण होती. सोनकीला दिली होती खडकमाळाला, जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने कावळ्याबरोबर निरोप धाडला, "आई, मोहाची फुलं गळायला लागली की माझे दिवस भरतील. इथली सुईण वारली. तू येशील ना गं?"

"येते म्हणावं," धुरपाक्का म्हणाली. मग तिने सीटकडे बघितलं. एवढी वाट चालत जाऊन ती वेळेत पोचणार नव्हती.

ती दरबारात गेली.

आता या जंगलाची एक रीत सांगायला हवी. ज्या भागावर आपण बसतो, त्याचं नाव इथे चारचौघांत घ्यायचं नसे. बाईने तर नाहीच नाही. मीही घेणार नाही, कारण मला पुढेमागे एखाद्या समितीवर जायचं आहे. तुम्ही मनातल्या मनात ओळखा आणि हसू नका.

"महाराज, सायकलवर फार दुखतं," धुरपाक्का म्हणाली.

"कुठे दुखतं?" सिंहाने विचारलं.

दरबार गार पडला. हरणं मान खाली घालून, भूक नसताना, गवत खाऊ लागली. कोल्हा खाकरला.

"बसते तिथे," धुरपाक्का कशीबशी म्हणाली.

"पुरे, पुरे!" सिंह आयाळीत तोंड लपवत म्हणाला. "समिती नेमा."

अशी महिला सुखासन समिती नेमली गेली. अध्यक्ष हत्ती. सायकलवर दया म्हणून तो कधी सायकलवर बसला नव्हता. चिटणीस कोल्हा. नाजूक विषयांचा जाणकार म्हणून मोर. आणि तज्ज्ञ सल्लागार वटवाघूळ. ते जन्मभर उलटं टांगलेलं असल्यामुळे बसण्याबद्दल त्याच्या मनात कसलाही पूर्वग्रह नव्हता.

"समितीत एखादी बाई नको का?" एका म्हाताऱ्या माकडिणीने विचारलं.

"अहो काकू," हत्ती कळवळून म्हणाला, "बायकांसमोर असला विषय आम्ही बोलायचा कसा?"

समितीने मन लावून काम केलं. कोल्ह्याने विचारलं, रंग कोणता हवा? मोराने विचारलं, झालर हवी का? कुठे दुखतं, हे मात्र कोणी विचारलं नाही, कारण तिने चुकून सांगितलं असतं. सीट रुंद करावी का, असा मुद्दा एकदा निघाला. पण रुंद करायची तर मोजावं लागणार, आणि काय मोजायचं ते बोलावं लागणार. मोर लाजून पिसाऱ्यामागे गेला आणि मुद्दा बारगळला.

शेवटी सिंहाच्याच सीटवर सावरीचा कापूस रचला. त्यावर कापूस, त्यावरही कापूस. वर गुलाबी कापड आणि झालर. हत्तीने सोंडेने दाबून बघितलं. "मऊ आहे!" वटवाघळाने फांदीवरून बघून दुजोरा दिला. टाळ्या पडल्या.

धुरपाक्का निघाली. पहिल्या वळणापर्यंत तिला वाटलं, ही तर माझ्या माहेरची गादी! मग कापूस दबला. ती दोन्ही बाजूंनी आत रुतली आणि मधला फुगवटा वर आला. जिथे मुळीच टोचायला नको, नेमका तिथेच तो टोचू लागला. आंबेखिंडीच्याही अलीकडे ती उतरली. मांड्या सोलवटल्या होत्या. डोक्यावरच्या झाडावरून मोहाचं एक फूल टपकन तिच्यापुढे पडलं.

धुरपाक्का वाटेच्या कडेला बसली आणि मोठ्याने रडली. शंभर जणींना धीर देणारी बाई ती, पण स्वतःच्या लेकीपाशी पोचता येत नव्हतं. मला तर तो गुलाबी गठ्ठा अध्यक्षांच्या तोंडात कोंबावासा वाटतो. पण बोधकथा सांगणाऱ्याने असं बोलू नये.

ती पाय ओढत परत आली. समिती वडाखाली चहा पीत होती.

"अजून दुखतंय, भाऊसाहेब."

"मग अजून कापूस घाला," हत्ती म्हणाला.

"कापसानेच दुखतंय!"

"असं कसं होईल?" मोर गोड हसला. "बायकांना मऊच आवडतं. आमचं एकमत झालंय."

धुरपाक्काने त्यांच्याकडे पाठ फिरवली. ती ओढ्यावर गेली आणि आग थांबावी म्हणून काठच्या गार चिखलात जाऊन बसली. बऱ्याच वेळाने उठली, मागे वळून बघितलं, तर चिखलात दोन खोल खड्डे. बाकी सगळं जेमतेम दबलेलं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "सगळा भार या दोन हाडांवर आहे. मग मधल्याला का चेपत बसायचं?"

तिने लव्हाळ्याची काडी दोन खड्ड्यांवर आडवी धरली, तेवढीच तोडली आणि चंपाबाई सुतारपक्षिणीकडे नेली. दोघींनी मिळून सीट केली. मागे काडीपेक्षा थोडी रुंद, म्हणजे दोन्ही हाडं नीट टेकतील. मधे लांबट पोकळी. पुढचं टोक आखूड. वर सालीच्या दोऱ्यांची पातळ, ताणून बसवलेली वीण.

"धुरपे, ही तर पाटासारखी टणक झाली," चंपाबाई म्हणाली.

"होऊ दे. जन्मभर पाटावर बसून जेवले, कधी दुखलं का?"

आंबेखिंड मागे पडली, हे तिला पुढचा उतार लागल्यावर कळलं. पाय भरून आले, पाठ आखडली, पण उतरावंसं वाटलं नाही. ती खडकमाळाला पोचली तेव्हा सोनकीला कळा सुरू झाल्या होत्या. पिल्लू पायाळू होतं. धुरपाक्काने हात धुतले, लेकीच्या कपाळावरून फिरवले आणि कामाला लागली. ओलं, काळं, ओरडणारं नातवंड हातात आलं तेव्हा ती दुसऱ्यांदा रडली.

"आई, तू आली नसतीस तर?" सोनकीने विचारलं.

"आले ना," धुरपाक्का म्हणाली.

ती परत आली आणि बायकांत कुजबुज झाली. दुपारी सगळ्या ओढ्यावर जमल्या. भेकरीण बसली, तरसीण बसली, सायाळ काटे सावरून बसली. एकीचं माप दुसरीला लागू नव्हतं. "तुझे खड्डे बाई केवढे लांब लांब!" अशी थट्टा झाली. ज्या शब्दाला बंदी होती, तो तिथे इतक्यांदा उच्चारला गेला की बेडूकसुद्धा शिकले.

काही दिवसांनी समिती पाहणीला ओढ्यावर आली. काठभर खड्ड्यांच्या जोड्या! हत्ती दोन पावलं मागे सरला.

"पावलं आहेत. दोन बोटांचं जनावर," कोल्हा वाकून बघत म्हणाला. "लहान, मोठी, सगळ्या वयाची. कळपच आहे."

"उड्या मारत हिंडतं," वटवाघळाने तज्ज्ञ मत दिलं.

"आणि आपल्या बायका रोज इथेच येतात!" मोर घाबरून ओरडला.

त्यांनी धुरपाक्काला बोलावलं. "अक्का, हे जनावर तुम्ही कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही," धुरपाक्का गंभीरपणे म्हणाली. "पण जाईन तिथे माझ्या मागेच असतं."

समितीने तिथल्या तिथे ओढ्याच्या काठावर बायकांना बंदी केली. त्यांच्याच जिवाच्या काळजीने.

तात्पर्य : आपल्याला कुठे दुखतं, हे समितीला कधी सांगू नये, समितीला फार लाज वाटते. ती देईल ते मऊ आसन आभार मानून घ्यावं आणि घरी उशी करावी. आणि चिखलात बसायचंच असेल, तर ओढ्याच्या थोडं वरच्या अंगाला बसावं, माप घ्यावं आणि उठताना खड्डे बुजवून टाकावेत.