उत्तरेच्या खिडकीतला निळा

सकाळी पावणेआठला आमच्या दाराची बेल वाजली की माझी बायको शालिनी न बघताच गॅसवरची कढई बाजूला सरकवायची. दारात समोरच्या ब्लॉकमधले दिघोडकर उभे असायचे. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत डबा, आणि दोन बोटांत ओल्या दोऱ्याची लडी, शेपटीला धरून आणलेल्या उंदरासारखी.

"शालिनीताई, खिडकी," एवढं म्हणून ते सरळ स्वयंपाकघरात शिरत.

कारण साधं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात ते शेड जुळवायचं काम करत. त्या धंद्यात रंग पाहायचा तो उत्तरेच्या उजेडात. उन्हात चालत नाही, ट्यूबलाइटखाली तर नाहीच. त्यांच्या खिडक्या दक्षिणेला. आमच्या मजल्यावर उत्तरेचा उजेड फक्त आमच्या ओट्यावर पडायचा, आणि तोही नेमका फोडणीच्या वेळी.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वाशीत तेव्हा इमारतींपेक्षा मोकळी जागा जास्त होती. दिघोडकर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. मूळ गाव उरणकडे. घरात बोलणं तुमच्याआमच्यासारखं मराठी. शुक्रवारी संध्याकाळी नारळाच्या रसातली मासळी, आणि शनिवारी सुट्टी मिळावी म्हणून रविवारची पाळी मागून घेतलेली.

त्यांना एकच नाद होता. त्यांच्या जुन्या हिब्रू धर्मग्रंथात रंगांची जी नावं येतात, ते रंग खरे होते कसे?

"जाधव, हा तुमचा डबा कसला?" एकदा त्यांनी विचारलं.

"निळा."

"निळा म्हणजे आळस झाला. नाव नका सांगू. कशासारखा, ते सांगा."

हे त्यांचं पालुपद. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या ग्रंथात रंगाला 'रंग' असा वेगळा शब्दच नाही. वस्तूचा 'डोळा' अमक्याच्या डोळ्यासारखा, असं लिहिलंय. हिरव्या गवताला जो शब्द, त्याच्याच कुळातला शब्द भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्याला, आणि तसाच सोन्यालाही. एकदा आमच्याकडे जेवताना त्यांनी आमटीची वाटी उचलून उजेडात धरली. "आमच्या ग्रंथातल्या एसावनं भुकेपोटी धाकट्या भावाला थोरलेपण विकलं ते 'लाल' आमटीसाठी. आमटी होती मसुराची. ताई, शिजल्यावर मसूर लाल राहतो?"

"पिवळा होतो, भावजी. सालीचा असला तर मातकट."

"बघा! आणि आम्ही हजारो वर्षं लाल लाल म्हणतोय." त्या दिवशी त्यांचा भात गार झाला.

सोसायटीचा सेक्रेटरी मीच. इमारत रंगवायची मीटिंग बोलावली, कंत्राटदाराने 'क्रीम' सुचवला. सगळे हो म्हणाले. दिघोडकर उठले, "कशासारखा?"

"सायीसारखा हो," कोणीतरी वैतागून म्हणालं.

"म्हशीच्या की गाईच्या?"

इमारत त्या वर्षी तशीच राहिली.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता 'तखेलेत' या निळ्यात. देवाच्या आज्ञेप्रमाणे प्रार्थनेच्या शालीच्या झालरीत त्या रंगाचा एक दोरा हवा. तो रंग समुद्रातल्या कसल्याशा शिंपल्यातून निघायचा. पुढे ती विद्याच बुडाली आणि दोरे पांढरेच राहिले. दिघोडकर रात्रपाळी नसेल तेव्हा घरच्या स्टोव्हवर निळीची भांडी चढवत. "विधीला हा चालणार नाही, मला माहीत आहे," ते म्हणत. "मला फक्त तो कसा दिसला असेल ते बघायचंय."

शिवाय एक घरचं निमित्तही होतं. त्यांची बायको, रिबकावहिनी, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या पावावर झाकायचा रुमाल भरत होती. एकुलती मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली होती, तिच्यासाठी. ग्रंथातल्या याजकाच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या झग्यासारखी डाळिंबांची किनार, तीन रंगांत. जांभळं डाळिंब झालं, किरमिजी झालं. निळ्याची जागा कोरी होती. कारण निळ्यावर शिक्कामोर्तब वहिनींचं लागायचं, आणि वहिनी ते करत नव्हत्या.

पहिली लडी आली तो दिवस मला चांगला आठवतो. शालिनीने कौतुकाने हात लावला. हळदीचा हात. लडीचं एक टोक पिवळं झालं. दिघोडकरांचा चेहरा असा झाला की मीच माफी मागितली. मग वहिनींनी ती खिडकीशी धरली आणि म्हणाल्या, "हिरवट आहे."

"हळदीमुळे असेल," मी म्हणालो.

"टोक नव्हे हो, सगळाच हिरवट. मळका."

दिघोडकरांनी लडी बिस्किटांच्या डब्यात ठेवली. त्यांच्या धंद्यात नमुना फेकत नाहीत. आणि पुन्हा स्टोव्ह पेटवला.

असं तीन वर्षं चाललं. डबा भरला, दुसरा भरायला आला. प्रत्येक लडी आम्हाला निळी दिसे. मला, शालिनीला, दूधवाल्यालासुद्धा. वहिनींना हिरवट. मी हिशेबाचा माणूस. दहा जण एक सांगतात आणि एक वेगळं, तर चूक कुठे शोधायची? जिन्यात गाठून मी एकदा म्हणालोच, "दिघोडकर, दोरा ठीक आहे. वहिनींचे डोळे एकदा दाखवून घ्या."

"दोरा चुकलाय," ते तुटकपणे म्हणाले. "गावातल्या बायका लुगड्याचा रंग तिला विचारून घ्यायच्या. तिची नजर चुकत नाही."

चार पायऱ्या उतरून ते थांबले. वळले मात्र नाहीत.

"तिच्या आईचा मोतीबिंदू काढला होता, जाधव. त्यानंतर म्हातारी भिंत चाचपतच गेली. रिबका डॉक्टरचं नाव काढू देत नाही. दोऱ्यात चूक असली तर मी परत रंगवीन. डोळ्यांत असली तर मी काय करू?"

त्यानंतर बेल वाजली की मी आधी वहिनी आल्यात का ते बघायचो. मी मुळातच घाबरट. बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघणारा. आता मला वहिनींचं जिना उतरणंही दिसायला लागलं. कठड्यावरचा हात, पायरीआधी पुढे येणारं पाऊल. दिघोडकरांना हे दिसत नसेल असं मी स्वतःला सांगत होतो. रंगातला एक कण ओळखणारा माणूस!

मग ती सकाळ आली. वहिनी लडी घेऊन खिडकीशी गेल्या. ओट्यावर गॅस बारीक चालू होता, वर भांडं नव्हतं. "बंद आहे ना गं?" म्हणत त्यांनी बर्नरवरून हात नेला. तो निळा जाळ त्यांना दिसलाच नाही. शालिनीने ओरडून हात ओढला, तरी बोटं भाजली.

दिघोडकरांनी गॅस बंद केला. लडी खाली पडली होती, ती उचलली नाही. बायकोचा हात नळाखाली धरून म्हणाले, "आपण उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"दोरा?" वहिनींनी विचारलं.

"दोरा थांबेल."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी दिघोडकरांना बाजूला घेऊन सांगितलं, पिकलेल्या मोतीबिंदूतून निळा हिरवट, मळकाच दिसतो. एकाचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी बांधून वहिनी उताण्या पडून होत्या, डोकं हलवायचं नाही अशी ताकीद. दिघोडकर उशाशी बसून धर्मग्रंथ वाचून दाखवत. मी भेटायला गेलो तेव्हा ते मसुरापाशी आले होते आणि नर्सला विचारत होते, "तुमच्याकडे मसूर शिजल्यावर कसा दिसतो हो?" आवाज नेहमीचा. नजर मात्र पट्टीवरून हलत नव्हती.

पट्टी निघाली, पुढे काही आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा झाला. तो आणायला मी आणि दिघोडकर दादरला गेलो. सकाळी निघालो, आणि परतताना बस खाडीपुलावर बंद पडल्यामुळे घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला बेल वाजली. दोघंही आली होती. वहिनी चष्मा सावरत खिडकीशी उभ्या राहिल्या. शालिनी गॅस बंद करायला धावली, तर म्हणाल्या, "असू दे गं. दिसतोय."

दिघोडकरांनी खिशातून लडी काढून खिडकीशी धरली. वहिनी बघत राहिल्या.

"कशासारखा?" दिघोडकरांनी विचारलं.

वहिनींनी बर्नरकडे बोट केलं. त्या बोटावर अजून डाग होता. "ह्याच्यासारखा. जाळाच्या बुडाशी असतो ना, तसाच." मग हसल्या. "हा बरोबर झाला. कधी रंगवलात?"

"काल," दिघोडकर म्हणाले.

"बघा, मी म्हणत नव्हते? आधीचे सगळे हिरवट होते."

"होते."

काल ते दिवसभर माझ्याबरोबर होते. कोणाचा हिशेब चुकला की मला गप्प बसवत नाही. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात शालिनीने माझ्या कोपराला हात लावला आणि नजरेनेच लडीकडे दाखवलं. लडीचं एक टोक दिघोडकरांनी अंगठ्याखाली घट्ट दाबून धरलं होतं. अंगठ्याच्या कडेने जरासं दिसत होतं. पिवळं. हळदीचं.

मी तोंड मिटलं. शालिनीने चहाचं आधण ठेवलं. कारखान्याची बस खाली हॉर्न देत होती, पण दिघोडकर हलले नाहीत. अंगठाही काढला नाही.