योहानमामा आणि रिकामं स्टूल

आमच्या समोरच्या खोलीतले योहानमामा बादलीशी बोलतात. मोठ्यानं बोलले असते तर ‘वय झालं’ म्हणून आम्ही सोडून दिलं असतं. पण ते बिनआवाजाचं बोलतात. ओठ हलतात, बोटं नाचतात, मध्येच थांबून ते मान डोलावतात आणि पलीकडून कुणी मजेशीर बोलल्यासारखे हसतात. मग बादली उचलून नळावर जातात. स्टोव्ह, झाडू, गटाराचं झाकण, सगळ्यांशी त्यांचे असेच संबंध आहेत.

गल्लीतला सामायिक संडास मामा आपणहून धुतात. एकदा बंद दारासमोर उभे राहून ते दोन्ही तळवे उघडून ‘काय, कसं काय?’ असं विचारत होते. तेवढ्यात कडी काढून शेजारचे पाटीलभाऊ बाहेर आले. समोर हा प्रकार. ते बिचारे म्हणाले, “बरं आहे.”

मामा म्हणाले, “तुमाला न्हाय. आत जो हाय, त्याला.”

पाटीलभाऊ पुढे बरेच दिवस कारखान्यातल्या संडासात जात होते.

आत कोण आहे असं विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं, “हाय तो तिथं.” ‘तो’ म्हणजे प्रभू. मामा नगरकडचे ख्रिस्ती. तरुणपणी भिवंडीत आले आणि जन्मभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले. ज्यांनी लूमचा कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांना सांगते, तिथे शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून कामगार ओठांनी आणि हातांनी बोलतात. धागा तुटला, शेठ आला, चहा सांग, सगळं हातानं. शिफ्ट संपली की बाकीचे आवाजाकडे परत येतात. मामा आलेच नाहीत. त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी त्यांना प्रार्थना करायला सांगितली. मामा उठले आणि हातांनी प्रार्थना करून खाली बसले. सगळी मंडळी डोळे मिटून वाट पाहत राहिली. संपली हे कुणाला कळणार कसं?

इथवर हसायला ठीक होतं. पण शुक्रवारी आमच्या भागातले लूम बंद असतात. सहा दिवस जो खडखडाट आपल्याला ऐकू येणंही बंद झालेलं असतं, तो थांबतो आणि गल्ली एकदम परकी वाटू लागते. भर दुपारी स्वतःचा श्वास ऐकू येतो. अशा वेळी समोरच्या खिडकीत मामा एका रिकाम्या स्टुलासमोर बसलेले दिसत. आधी ते स्टूल फडक्यानं पुसत, मग बोलत, मग ऐकत. किती वेळ ऐकत! मी मुद्दाम पडदा लावून घेई आणि पुन्हा फटीतून बघे.

माझ्या सासूबाई मूळच्या खारबावच्या. जीभ अशी की मच्छीवालीनं न मागताच भाव कमी करावा. त्या म्हणायच्या, “त्या खोलीत दोघं हायेत. येकाला मी बघते, दुसरा माला बघतो.” मामांना त्यांनी ‘भुताचा सोबती’ असं नावच ठेवलं होतं आणि आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला मनाई होती.

त्याच सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाज पार गेला. घर इतकं गप्प झालं की आम्हीच कुजबुजत बोलू लागलो. आठवडाभरानं त्यांनी जेवणही सोडलं. चमचा नेला की तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर त्या फार दिवस काढणार नाहीत.

फक्त त्यांचे ओठ हलत. सारखे, एकाच चालीत, डोळे छताला लावून. कोन गावाहून आलेल्या नणंदेनं ते पाहिलं आणि हात जोडले. “आई नाव घेतेय देवाचं.” झालं. उदबत्त्या लागल्या. शेलार गावापासूनचे नातेवाईक पाया पडायला आले. गंगाजल आलं. सासूबाईंचे ओठ जितके जोरात हलत तितकी माणसं जास्त डोळे पुसत. जन्मभर शिव्या घातल्या, पण शेवट साधला, असं एक काका म्हणालेसुद्धा.

शुक्रवारी दुपारी माणसं पांगली होती. मी उशाशी बसले होते. उंबऱ्यावर सावली पडली. मामा बादली घेऊन उभे. कधी आले कळलंच नाही. ते सासूबाईंच्या ओठांकडे टक लावून बघत होते आणि त्यांचेही ओठ तसेच हलू लागले. दोन म्हाताऱ्या माणसांचे ओठ, एका चालीत, आणि खोलीत टाचणी पडेल एवढाही आवाज नाही.

“मामा, काय चाललंय हे?”

“ताई,” मामा हळूच म्हणाले, “आक्का म्हनते, अंथरून ओलं हाय. लोकांना भायेर काढा.”

मी चादर उचलून पाहिली. पाठीची कातडी सोलली होती. सकाळी बदललं की पुढे माणसांची रीघ लागे, आणि एवढ्या लोकांसमोर ती मानी बाई भिजलेल्या अंथरुणात पडून ओरडत होती. मला रडूच कोसळलं. मामा रडले नाहीत. ते बादलीशी दोन शब्द बोलले, मला पाणी कोमट करायला सांगितलं आणि फडकं पिळून कामाला लागले. धुताना मान दुसरीकडे वळवून होते. त्या संध्याकाळी सासूबाईंनी वाटीभर पेज घेतली.

मग मामा रोज येऊ लागले. डाव्या हाताच्या खुणा सासूबाई भराभर शिकल्या. माझ्या स्वयंपाकाची निंदा तर त्या खुणांनी पहिल्याहून छान करत. दाराबाहेरून कुणी पाहिलं तर घाबरावं असं दृश्य, अंधाऱ्या खोलीत दोन माणसं आवाज न करता हसतायत.

एकदा मी मामांना विचारलंच, “तुमचा प्रभू उत्तर देतो?”

“त्याचे व्हट कुठं दिसतात?” मामा फडकं पिळत म्हणाले. “मी आपला बोलतो.”

“मग थांबून ऐकता काय? मान कशाला हलवता?”

“त्याला वाटू नये, आपन ऐकत न्हाय म्हनून.”

सासूबाई आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी मामांच्या मनगटावर टिचकी मारली आणि हातानं काहीतरी विचारलं. मामा फडकं पिळतच राहिले. मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“म्हनते, तुझं कोन हाय घरी.”

“मग सांगा की.”

“हात ओले हायेत,” मामा म्हणाले.

त्यांनी ते फडक्याला पुसले. पुन्हा पुसले. मग ‘एकटाच’ असं एक बोट वर केलं, ते स्वतःच्या छातीला लावलं, आणि पुढे आणखी काही सांगण्यासाठी दोन्ही हात उचलले. सासूबाईंनी डाव्या हातानं ते दोन्ही धरून ठेवले. हातच धरल्यावर मामांना काही बोलता येईना.